बांधावरचं काळवीट

"पाय माझ्या रानात हायेत त्याचे, कारभारी! डोळं उघडून बघा."

"आन् मुंडकं? मुंडकं कुनाच्या रानात हाय, मुलाण्या?"

"जनावर पायानं चालतं का मुंडक्यानं?"

"चालू दे कशानंबी. पडलं कुठं ते बोल. ज्याच्या रानात मुंडकं पडलं त्याला मागली मांडी. गावाचा रिवाज हाय. तुझा बाप सोता वाटे घालायचा असं."

"माझ्या बापाच्या टायमाला बांध जिथं हुता, तिथं आज असता, तर मुंडकंबी माझ्याच रानात पडलं असतं! दर साली नांगराचं एक एक तास आत आनता तुमी."

"तोंड सांभाळ."

"चौदा साल सांभाळलंय."

दोघांच्या मधोमध, बांधावर आडवं, काळवीट पडलेलं होतं. अजून जिवंत होतं. गोळी मांडीतून पोटात शिरली होती. नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या. एक शिंग मातीत रुतलं होतं आणि दुसऱ्यावर कारभारीनं आपली जाड तळव्याची वहाण रोवून ठेवली होती, कुणी ओढून नेऊ नये म्हणून. मागचे पाय नूरुद्दीनच्या डाव्या मुठीत होते. उजव्या हातात त्याची सुरी होती आणि ती सुरी तो बोटासारखी वापरत होता. हा बघा जुना बांध, हा नवा, ही तुमची हद्द, ही माझी.

मागून शेजारच्या रानाचा सहादेव धापा टाकत आला. एका हातात पांढऱ्या बैलाचं दावं, खांद्यावर ठासणीची बंदूक.

"अरं बाबांनो, आदी सुरी फिरवा. मग भांडा सांजंपत्तोर."

"सहादेव, तू मधी पडू नगं," कारभारी म्हणाला.

"मी कुठं पडलोय? ते जनावर पडलंय. त्याचं बघा की."

पण बघायला दोघांपैकी कुणालाच सवड नव्हती.

नूरुद्दीन हा गावचा मुलाणी. मिरजगावपासून दोन कोसांवरचं ते गाव. मशिदीत जाणारी घरं चारच, पण बोकड कुणाच्याही दारात कापायचा असो, सुरी मुलाण्याचीच. पाटलाच्या घरीसुद्धा त्याच्या हातून कापल्याशिवाय मटण चुलीवर चढत नसे. त्याबद्दल खळ्यावरून धान्य मिळे आणि वाडवडलांपासून चालत आलेली चार एकर इनाम जमीन होती. त्या चार एकरांना तीन बाजूंनी कारभारीची साठ एकर जमीन वेढून होती.

कारभारी पंचांत बसणारा माणूस. दुसऱ्यांच्या बांधांचे तंटे त्याच्याइतके चोख कुणी तोडत नसे, पण स्वतःचा बांध आला की त्याची नजर फिरायची. एका साली त्यानं गावासमोर आपल्या काठीनं हद्द मोजून दिली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पुढच्या साली मोजताना काठीच नवी निघाली, टीचभर लांब. "जुनी मोडली," म्हणाला. त्याच्या रानातून कुणी बाई पाटी घेऊन आडवी गेली तर तो संध्याकाळी तिच्या दारात उभा. त्याचा बैल दुसऱ्याच्या शाळूत शिरला तर मात्र, "मुकं जनावर हाय, त्याला काय कळतंय?"

तर त्या माघात, चव्वेचाळीस साली, नूरुद्दीनच्या घरी नगरहून पाहुणे यायचे होते. थोरली हसीना, तिची सोयरीक. मुलाचा बाप गनीभाई नगरच्या छावणीत पलटणीचे कपडे शिवायचा. अशा पाहुण्यांपुढं भाकरी आणि पिठलं कसं ठेवायचं? आणि बोकड तर त्या दिवसांत दिसायचाच बंद झाला होता. नगरला गोऱ्या पलटणी वाढल्या आणि ठेकेदारांची माणसं खेड्याखेड्यांतून बोकड उचलून नेऊ लागली. नूरुद्दीनची स्वतःची शेळी गाभण होती. तेव्हा सहादेव म्हणाला, "माझ्या शाळूत हरनं बसत्यात रोज. पीक राखायचा परवाना हायच माझ्याकडं. चल तू, सुरी घेऊन."

काळवीट माणसाला बुजतं, बैलाला बुजत नाही. सहादेवनं बंदूक ठासली आणि दोघं त्या पांढऱ्या बैलाच्या आडून, बैल चरतोय असं दाखवत, एक एक पाऊल कळपाकडं सरकत गेले. नूरुद्दीनच्या हातात दावं होतं. गोळी सहादेवची. मुसलमानाला शिकारीचं मांस चालायचं तर जनावरात जीव असतानाच सुरी फिरली पाहिजे. गोळीनं मेलं की संपलं. म्हणून बार होताच नूरुद्दीन दावं टाकून पळत सुटला. तंगडी मोडलेलं काळवीट सहादेवच्या शाळूतून निघालं, नूरुद्दीनच्या हरभऱ्यातून गेलं, आणि कारभारीच्या बांधावर येऊन कोसळलं. नूरुद्दीन पोचला तेव्हा ते डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होतं. एका उडीत सुरी फिरवता आली असती.

पण त्याच वेळी पलीकडून कारभारी आला होता आणि शिंगावर पाय देऊन म्हणाला होता, "थांब. मुंडकं माझ्या रानात हाय."

एका मांडीचा तर प्रश्न होता. "घ्या" म्हटलं असतं तर? ते त्याला पुढं कितीतरी वेळा सुचलं. त्या क्षणी मात्र चौदा वर्षं त्याच्या घशाशी येऊन उभी राहिली.

"आन् बोर?" तो ओरडला. "बांधावरची बोर माझ्या आज्यानं लावलेली. तुमची सून भरल्या पाट्या नेती, आन् माझ्या पोरीनं वेचली चार बोरं तर तिला हाकलून दिलं तुमी."

"बोर बांधावर हाय. बांध कुनाचा?"

"तेच तर म्हनतोय मी, कुनाचा!"

"तुझी शेळी माझ्या तुरीत शिरली हुती का न्हाई, ते सांग आदी."

"म्हनून कोंडवाड्यात घातली! तीन दिस! दूध आटलं तिचं."

"मी न्हाई घातली कोंडवाड्यात. घातली असंल तर पावती दाव. दाव पावती!"

"अरं..." सहादेव म्हणाला.

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. नूरुद्दीन बोलायचा थांबला. मुठीतले पाय जड झाले होते. मघाशी ते मुठीत तडफडत होते, तेव्हा ते त्याला हलके वाटले होते.

त्यानं खाली वाकून डावा तळवा काळविटाच्या बरगड्यांवर ठेवला. बापानं शिकवलेली ही रीत. "आदी हात ठेव," बाप सांगायचा. "आत कोनी हाय का, इचार. हाय म्हनलं तरच सुरी." पंचवीस वर्षांत बोकड असो की कोंबडी, नूरुद्दीननं विचारल्याशिवाय सुरी लावली नव्हती.

आत कोणी नव्हतं. अंग गरम होतं, केस मऊ होते, पण आतून काहीच उत्तर येईना.

बैलाच्या मानेवर हात ठेवून सहादेव बघत होता. समोर कारभारी उभा होता. घरी हसीनानं अंगण सारवून ठेवलं होतं आणि बायको रजिया मसाला वाटत बसली होती. नूरुद्दीनच्या तोंडून शब्द आपोआप निघाले, "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर," आणि त्यानं सुरी फिरवली.

जिवंत जनावराचं रक्त उसळून येतं, हात भिजवतं. हे तसं आलं नाही. कलंडलेल्या घागरीतलं उरलंसुरलं पाणी वाहावं तसं, काळसर, बेतानं आलं आणि ढेकळात मुरलं.

"हुती ना रं धुगधुगी?" सहादेवनं विचारलं.

"हुती," नूरुद्दीन म्हणाला.

कारभारीनं शिंगावरचा पाय उचलला. तो नूरुद्दीनकडे बघत राहिला. नेहमी बघायचा तसं नव्हे. मग म्हणाला, "ने."

"आन् मांडी?"

"नगं मला."

पाठ फिरवून तो आपल्या शाळूत शिरलासुद्धा. सहादेव हसायला लागला. "सुर्व्या कुठून उगवला रं आज? कारभारीनं हातची मांडी सोडली! चल, उचल. तुझ्या पोरीचं नशीब चांगलं हाय बघ."

नूरुद्दीननं काळवीट उचललं. गावापर्यंत तो मान खाली घालून, सहादेवच्या मागं पडत चालला. सहादेवला वाटलं, ओझ्यानं दम लागलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी गनीभाई, त्यांचा मुलगा दाऊद आणि आणखी दोघंजण ओसरीत जेवायला बसले. गनीभाई देखणे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं सावकाश. पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले.

"नूरुद्दीनमियां, एक सांगू? नगरात मी मटण खात नाही. घरी सगळे हसतात मला. पण कोण कापतं, कसं कापतं, घाईघाईत कलमा पढतात की नाही, कुणी बघितलंय? माझा भरोसाच नाही. आज किती महिन्यांनी खातोय."

"घ्या ना आनखी," नूरुद्दीन म्हणाला.

"तुमचं नाव मी मिरजगावात विचारलं होतं. म्हणाले, मुलाण्याच्या सुरीवर सगळं गाव डोळे झाकून जेवतं. मी तेव्हाच घरी सांगितलं, मुलगी बघायचीसुद्धा जरूर नाही. ज्या घरात शब्द असा आहे, त्या घरची मुलगी कशी असेल?"

दाऊद खाली बघून लाजला. आतून हसीनाच्या बांगड्या वाजल्या.

"आणि तुम्ही का बसला नाहीत?"

"पोटात जरा... सकाळधरनं बरं न्हाई."

"हे घर काही परकं नाही आता. बसा, दोन घास घ्या."

"तुमी घ्या. मी पानी आनतो."

तो उठला आणि माठापाशी जाऊन उभा राहिला. तांब्या भरला, ओतून दिला, परत भरला. सांगता आलं असतं. अजूनही सांगता आलं असतं, पहिल्या घासालाच सांगता आलं असतं. पण प्रत्येक घासाबरोबर सांगणं लांब लांब जात होतं. ओसरीत हसणं चाललं होतं. लग्न रमजान ईदनंतर धरायचं ठरलं.

पाहुणे गेल्यावर रजियानं उरलेलं कालवण पोरांना वाढलं, स्वतःला वाढून घेतलं. नूरुद्दीन दारात बसून बघत राहिला.

त्यानंतर त्यानं अंगठ्याला चिंधी बांधली.

"लागलंय," म्हणाला. "सुरी धरवत न्हाई."

पंधरा दिवस झाले, महिना झाला. कुणाच्या दारात बोकड असला की तो सांगायचा, "मिरजगावच्या मुलाण्याला बोलवा, माजा अंगठा." लोक आधी हळहळले, मग कंटाळले. एक दिवस छबूबाई कोंबडी काखेत मारून आली.

"मुलाणीदादा, येवढी फिरवा सुरी. जावाई आलाय."

"अंगठा दुखतोय, छबूबाई."

"कवापास्नं दुखतुया ह्यो अंगठा? बाळंतीन बाई येवढ्या दिसात उठून नदीला धुनं धुती. दावा बघू."

"नगं."

"दावा की! मी काय खातीया व्हय तुमचा अंगठा? जावायाला कोंबडी खायचीय." मग तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिची थट्टा थांबली. "काय हो, दादा? नजर लागली का कुनाची?"

"लागली," नूरुद्दीन म्हणाला.

कुणाची ते त्याला ठाऊक होतं. कारभारीनं पाहिलं होतं. शिंगावर पाय देऊन, वरून, सगळं पाहिलं होतं. आज ना उद्या तो पारावर बसून बोलणार. चौदा वर्षांच्या भांडणात देवानं त्याच्या हातात एवढं दिलं, ते तो सोडतो कशाला? नूरुद्दीन वाट बघत राहिला. पाराजवळून जाताना तो अंग चोरायचा. कारभारी तिथं बसलेला असायचा, तंबाखू मळत. नूरुद्दीन दिसला की मान वळवायचा. बोलायचा मात्र नाही. आठवडे गेले तरी बोलला नाही. ते नूरुद्दीनला शिव्यांपेक्षा अवघड होऊन बसलं.

शेवटी रजियानंच धरलं त्याला, भर दुपारी, चुलीपुढं.

"सोडा ती चिंधी. मी कवाच बघितलंय, आत काई न्हाई."

त्यानं चिंधीची गाठ आणखी आवळली.

"हसीनाचे अब्बा, खळ्यावर यंदा कुनी धान देनार न्हाई. लोक म्हनत्यात, मुलाणी बसून खातो. काय झालंय तुमाला? त्या दिसापास्नं मटनाला हात लावला न्हाई तुमी."

"ते मेलं हुतं," नूरुद्दीन म्हणाला.

"कोन?"

"काळवीट. माझा हात पोचला तवा मेलेलं हुतं. मी त्या कारभारीसंगं भांडत हुतो. बोरीवरनं, शेळीवरनं. सुरी हातात हुती माझ्या. ते बघत हुतं माझ्याकडं, रजिया. मी त्याच्याकडं बघितलंच न्हाई. आन् मग मेलेल्यावर सुरी फिरवली. जित्तं हुतं म्हनून सांगितलं."

रजियाच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं. भाकरी करपायला लागली.

"गनीभाईंनी खाल्लं," ती म्हणाली.

"व्हय."

"हसीनानं खाल्लं. मी खाल्लं." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मी तुमच्यासमोर बसून खाल्लं. तुमी दारात बसला हुता. बघत हुता."

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली, बाजूला ठेवली, पीठ घेतलं, परत ठेवलं.

"नकळत खाल्लेल्याचा गुन्हा न्हाई आमाला," ती म्हणाली. "तुमाला हाय."

"मी जानार हाय नगरला. गनीभाईंना सांगनार."

"न्हाई."

"रजिया..."

"न्हाई म्हनलं ना! पोरगी रोज शेजारच्या फातिमाच्या घरी जाऊन शिवन शिकतीया, सासरा शिंपी हाय म्हनून. तिला काय सांगू? तुज्या बापाला आता खरं बोलायचंय? खरं बोलायची येळ तिथं हुती, बांधावर. ती गेली. आता गिळा. आमी गिळलंच ना?"

तिनं नवी भाकरी थापायला घेतली. ती रडत होती, पण हात थांबले नव्हते.

चैत्रात नांगरटी सुरू झाल्या. नूरुद्दीन आपल्या रानात गेला आणि बांधापाशी थबकला. कारभारीच्या बाजूची नांगरट पुरी झाली होती. पण तास बांधाला भिडलं नव्हतं. चांगली दोन हात जमीन सोडून कारभारीचा नांगर पलीकडूनच वळला होता. बांधाचे दगडसुद्धा उचलून जुन्या जागी नेऊन लावले होते. नूरुद्दीनच्या बापाच्या वेळी ते जिथं होते, त्याच जागी.

मोकळ्या झालेल्या पट्टीत हरळी अजून तशीच होती. नूरुद्दीन तिच्या कडेला उकिडवा बसला. त्याला कधी वाटलं होतं की हा दिवस आला तर तो पारावर जाऊन गूळ वाटेल. आता त्याला त्या पट्टीत पाय टाकवेना. कारभारी दान देतोय की हिणवतोय? की म्हणतोय, मुलाण्या, तुझी किंमत मला कळलीय आणि ती दोन हात आहे? तो उठला आणि स्वतःचा नांगर त्यानं जुन्या चुकीच्या हद्दीपासूनच चालवला. मधली पट्टी कुणाचीच नाही अशी पडून राहिली.

वैशाखात कारभारीच्या नातवाचं जावळ होतं. सून चांगुणाला तीन मुलींवर मुलगा झाला होता, तेव्हा सगळ्या गावाला जेवण. सकाळीच कारभारीचा गडी निरोप घेऊन आला: सुरी घेऊन मुलाण्याला बोलावलंय.

"अंगठा..." नूरुद्दीननं सुरुवात केली.

"मालक म्हनले, अंगठ्यासकट या."

रजियानं सुरी धारेला लावून फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. "जावा," म्हणाली. "आज तरी जावा. एकदा सुरी फिरली की सगळं मागं पडंल." त्याच्या डोळ्यांकडे मात्र तिनं बघितलं नाही.

कारभारीच्या वस्तीवर मांडव होता. चुलाणावर पाणी तापत होतं. दोन बोकड बाभळीला बांधलेले, एक दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन पाला चघळत होता. कारभारीची बायको साळूबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन फिरत होती. नूरुद्दीन दिसताच कारभारी पुढं आला, त्याला दंडाला धरून गोठ्यात घेऊन गेला आणि दार लोटलं.

आत शेणाचा आणि कडब्याचा वास होता. दोघं दावणीपाशी उभे राहिले. एवढ्या वर्षांत बांध मधे नसताना ते असे समोरासमोर उभे राहिले नव्हते.

"सोड ती चिंधी," कारभारी म्हणाला.

"तुमाला ठाव हाय सगळं. कशाला बोलावलं मला?"

"ठाव हाय म्हनूनच."

"मग बोला की गावात! माघापास्नं वाट बघतोय मी. रोज वाटतं, आज बोलनार. बोलत न्हाई तुमी. आन् वर बांध मागं घेतला. कशापायी? मला ईकत घेतलं का?"

कारभारीनं गव्हाणीतला कडबा उगाच सारखा केला.

"तुला वाटतं, तू फसवलंस आन् मी बघितलं," तो म्हणाला. "तसं न्हाई, मुलाणी. तुझ्या आदी मला कळलं हुतं."

"काय?"

"माजा पाय शिंगावर हुता. वहानेखाली थरथर लागत हुती. सारखी. तू बोरीचं काढलंस तवा हुती. मग थांबली. एकदम न्हाई थांबली, अशी... दिवा इझतो तशी. मला पायाला कळलं, गेलं म्हनून. आन् त्याच्यामागनं मी तुला काय म्हनलो, आठवतंय?"

नूरुद्दीनला आठवलं. पावती दाव.

"शेळी मीच घातली हुती कोंडवाड्यात," कारभारी म्हणाला. "जनावर गेलं, ते ठाव हुतं मला. पर मी बोलत राह्यलो. तुला सांगितलं असतं, अरं गेलं रं, तर तू सुरी लावली नसती. मी गप बसलो. मनात आलं, मेलंय तर मेलं. ह्याच्या पोरीच्या पाव्हन्यांना जेवान न्हाई, बरं झालं. मग तू वाकलास, हात ठिवलास, आन् तुजं तोंड बघितलं मी. अजून दिसतंय."

बाहेर कुणीतरी हसलं. मूल रडायला लागलं, बहुतेक न्हावी आला असावा.

"मी गनीभाईंना सांगनार हाय," नूरुद्दीन म्हणाला.

"मला वाटलंच."

"माघापास्नं जेवान गोड लागत न्हाई."

"मला लागतंय व्हय? पर जरा इचार कर. तू सांगशील, मेलेलं हुतं. तो इचारल, मेलं कसं? तू सांगशील, भांडत हुतो. कशासाठी? मांडीसाठी. कुनासंगं?" कारभारीचा आवाज खाली आला. "साठ एकरवाला मानूस, एका मांडीसाठी शिंगावर पाय देऊन हुबा राह्यला, आन् मुलाण्याला हराम कापायला लावलं. मिरजगावापत्तोर जाईल ही गोष्ट. उद्या पंचांत बसून मी कुनाच्या बांधाचा न्याव करू?"

"तुमी तुमचं बघा. माज्या पोटात काय..."

"आन् पोर? हसीनाचं लगीन मोडलं, तर? तुज्या पोटाला बरं वाटंल, आन् ती?"

हे रजियाचेच शब्द, पण त्याच्या तोंडून ऐकताना नूरुद्दीनला वेगळे लागले. आत कुठंतरी त्याला वाटलं होतं की कारभारीच्या मनात त्याच्याविषयी दया असेल. दया नव्हती. भीती होती, त्याच्यासारखीच.

"हे बघ," कारभारी जवळ आला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात अजीजी होती. "दोन हात मागं घेतलाय बांध, आनखी घेतो. कागद करून देतो, पाच जनांसमूर. बोरबी तुझी. तुझ्या पोरीच्या लगनाला जेवान माझ्याकडनं. काय पायजे ते माग. फकस्त आज त्या बोकडावर सुरी फिरव, आन् पुढंबी फिरवत राहा. तू फिरवली न्हाईस तर लोक इचारनार. फिरवलीस तर कुनी कायबी इचारनार न्हाई. आपलं आपल्यात ऱ्हाईल."

"मुलाणी!" बाहेरून सहादेवची हाक आली. "पानी उकळलं की रं! का कारभारीनं तिथंबी बांध घातला?" मांडवातली माणसं हसली.

कारभारीनं दारावर हात ठेवला, पण उघडलं नाही.

"काय म्हनतोस? फिरवतोस ना?"

नूरुद्दीननं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. एवढी वर्षं ज्याच्या हातून दोन हात जमीन सुटावी म्हणून तो झगडला, तोच आता देऊ म्हणत होता. मागेल तेवढी. आणि त्याबदल्यात मागत होता तो सुरीचा शब्द नूरुद्दीननं बांधावर आधीच फुकट देऊन टाकला होता.

त्यानं अंगठ्याची चिंधी सोडली आणि खाली टाकली. कारभारीचा हात दारावरून बाजूला सारला. दार उघडताच उन्हाचा झोत आत आला.

"इकडं, मुलाणीदादा," साळूबाई ताट सावरत म्हणाली. "बोकड इकडं हायेत, बाभळीखाली."

तो बाभळीजवळून पुढं गेला. सहादेवनं वाट दिली आणि मग वळून बघायला लागला, कारण नूरुद्दीन थांबला नव्हता. मांडव संपला, चुलाण मागं पडलं. फडक्यातली सुरी काखेत घट्ट धरून तो गाडीवाटेला लागला होता. ती वाट त्याच्या घराकडे जात नव्हती. मिरजगावाकडे जात होती, आणि नगरची मोटार मिरजगावातून सुटायची.

"नूरुद्दीन!" गोठ्याच्या दारातून कारभारी ओरडला. आजवर त्यानं त्याला नावानं हाक मारली नव्हती. "आरं, कायतरी बोल की!"

नूरुद्दीन चालत राहिला.